बेचाळिसावं नाव

पौर्णिमा गावंडे अमरावतीत रुक्मिणीनगरात राहायची आणि घरूनच वेबसाइटी बनवायची. दवाखाने, मंगल कार्यालयं, मोर्शीकडचे दोन-तीन संत्रा व्यापारी, अशी तिची गिऱ्हाइकं. वय चौतीस, एकटी, कामाला चोख. घरमालकीण म्हणायची, या पोरीच्या खोलीतून टाईप करण्याशिवाय दुसरा आवाज येत नाही.

नोव्हेंबरात तिच्याकडे अकोल्याच्या राधामाई कन्याशाळेच्या माजी विद्यार्थिनी संघाचं काम आलं. संघाच्या चिटणीस अनसूया पळसोकर. त्याच शाळेत शिकल्या, पुढे तिथंच मराठी शिकवून निवृत्त झाल्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. सभासदांच्या नोंदीचं जुनं सॉफ्टवेअर त्यांच्या जठारपेठेतल्या घरी कॉम्प्युटरवर होतं. अकराशे बायकांची नावं, शाळा सोडल्याचं वर्ष, पत्ते, फोन. वेबसाइट मात्र वेगळी होती, आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. कोणाचा पत्ता बदलला तर बाईंना तो दोन ठिकाणी लिहावा लागे.

पौर्णिमाला ते दोन्ही जोडायचे होते. सॉफ्टवेअरात नोंद झाली की वेबसाइटवर त्या बाईचं पान आपोआप तयार व्हावं, आणि तिनं पानावर काही बदललं तर ते सॉफ्टवेअरात पोचावं. पानाच्या खाली मैत्रिणींना चार ओळी लिहायला जागा. बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, "चुकून कोणाचं नाव गळायला नको." म्हणून पौर्णिमाने अशी व्यवस्था केली की एका बाजूची नोंद पुसली गेली तर दुसरी बाजू ती परत भरून काढेल.

जोडणी झाल्यावर ती तपासायला एक खोटी नोंद लागते. पौर्णिमा एरवी 'चाचणी एक' असं काहीतरी टाकायची. त्या दिवशी तिला लांब नाव पानावर नीट बसतं का ते पाहायचं होतं. तिनं फारसा विचार न करता लिहिलं, दुर्गा खुशालराव भोपळे. गाव, तेल्हारा. वर्ष, १९८१, कारण त्या वर्षाच्या यादीत एक्केचाळीसच नावं होती आणि बेचाळिसावं चटकन दिसलं असतं. तेल्हाऱ्याला ती आयुष्यात कधी गेली नव्हती. भोपळे नावाचं कोणी तिच्या ओळखीत नव्हतं.

पान नीट उमटलं. तिनं दोन्ही बाजूंनी नोंद पुसली, यादीत पुन्हा एक्केचाळीस नावं दिसली, आणि सोमवारी वेबसाइट सगळ्या सभासदांसाठी खुली झाली.

बुधवारी सकाळी ती नव्या पानांवर कोण काय लिहितंय ते पाहत होती. १९८१ च्या यादीत बेचाळीस नावं होती. शेवटचं दुर्गा खुशालराव भोपळे. आणि पानाखाली नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "दुर्गा, तूच ना? किती वर्षांनी तुझं नाव वाचतेय."

पौर्णिमा खजील झाली. आपलीच खोटी नोंद कुठंतरी राहिली आणि कुण्या म्हाताऱ्या बाईची गफलत झाली, असं तिनं मानलं. दुर्गा नावाच्या काय कमी मुली असतात. तिनं नोंद पुन्हा पुसली, आधी सॉफ्टवेअरातून, मग वेबसाइटवरून, आणि चहा करायला उठली.

चहा घेऊन आली तर नोंद जागेवर होती. ज्या रकान्यात तिनं काहीच भरलं नव्हतं तिथं आता जन्मतारीख होती, ११ ऑगस्ट १९६५. त्याखाली, वर्ग नववी ब. वसतिगृह, खोली सहा.

दुपारपर्यंत आणखी तिघींनी लिहिलं. एकीनं, "तू डाव्या हातानं लिहायचीस आणि तळहाताच्या कडेला शाई लागायची." दुसरीनं, "तुझ्या घरून आलेली तिळाची चटणी मी खाल्ली होती, आठवतं?" तिसरीनं नुसतं, "माफ कर गं."

ही तिसरी ओळ पौर्णिमाने बराच वेळ वाचली. तिळाची चटणी, डावा हात, हे तिनं कुठंही लिहिलं नव्हतं. तिनं बाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या वर्गात दुर्गा भोपळे नावाची मुलगी होती का?"

बाई म्हणाल्या, "नाही. अशी कोणी नव्हती आमच्या वर्गात."

"तेल्हाऱ्याची? वसतिगृहात राहणारी?"

"नव्हती म्हटलं ना. तू उद्या इकडे ये. माझ्या समोर बसून ते नाव काढ."

पौर्णिमाने तर यादीतून नाव काढायचं आहे असं काही सांगितलंच नव्हतं. म्हणजे बाईंनी ते पान आधीच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती निघाली. बडनेरा, मूर्तिजापूर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. अकोल्याला पोचून ऑटोनं जठारपेठेत गेली तेव्हा साडेबारा झाले होते. बाई एकट्याच राहत. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी पाणी दिलं आणि लगेच कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं.

पौर्णिमाने आधी इंटरनेटची वायर काढली. जोडणी बंद. मग सॉफ्टवेअरातून नोंद पुसली. मग आपल्या मोबाईलवरून वेबसाइटवरचं पान पुसलं. दोन्हीकडे एक्केचाळीस. बाई तिच्या खांद्यामागे उभ्या राहून श्वास रोखून पाहत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग आता वायर नको लावूस."

"नाही लावत," पौर्णिमा म्हणाली. पण तिच्या समोर, वायर काढलेल्या त्या कॉम्प्युटरवर, आकडा बेचाळीस झाला. तिनं काही दाबलं नव्हतं. नोंद उघडली. या खेपेला नोंदीसोबत फोटो होता.

फोटो साठीच्या बाईचा होता. विरळ पांढरे केस, रापलेला चेहरा, निळसर चुन्याची भिंत, आणि थेट पाहणारे डोळे. डाव्या भुवईला मधोमध कापणारा एक जुना वण. हसू नाही, राग नाही. कोणी तरी हाक मारली म्हणून वळून पाहावं तसा चेहरा.

पौर्णिमाने फोटो कोणी चढवला ते पाहिलं. तिथं तिचंच नाव होतं. पौर्णिमा गावंडे, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी ती एसटीत होती आणि मोबाईल पिशवीत होता.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई बसल्या होत्या. त्यांचा हात स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला होता.

"नववीत होती तेव्हाही हा वण होता," त्या म्हणाल्या.

बाईंनी सांगायला सुरुवात केली ती भिंतीकडे पाहत, एका सुरात, पाठ केल्यासारखी.

एकोणऐंशी सालची गोष्ट. वसतिगृहातल्या काही मुली दुपारचा सिनेमा पाहायला पळून गेल्या. दुर्गानं ते वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं. चुगली म्हणून नाही. त्यांनी विचारलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही. मुलींना शिक्षा झाली. अनसूया वर्गाची मॉनिटर होती आणि सिनेमाला जाणाऱ्यांत होती. तिनं वर्गात एक खेळ काढला. दुर्गा नाहीच. तिच्याशी अबोला धरायचा नाही, कारण अबोला माणसाशी धरतात. ती तिथं नाहीच असं वागायचं. ती बोलली तर ऐकू आलं नाही. ती बाकावर बसली असली तरी दुसरीनं तिथं दप्तर ठेवायचं. जेवायला पंगतीत तिच्या ताटावरून वाढपी मुलगी पुढे जायची, मग दुर्गा स्वतः उठून घ्यायची.

"एक्केचाळीस जणी," बाई म्हणाल्या. "एकीलाही वाटलं नाही की पुरे. मला तर मजा वाटायची, गं. हे खरं सांगते. मला मजा वाटायची."

"किती दिवस?"

"दोन महिने. मध्ये दिवाळीची सुट्टी. परत आल्यावर पुन्हा तेच. डिसेंबरात एक दिवस वर्गाच्या बाई हजेरी घेत होत्या. त्यांना आमचा खेळ कळला होता, त्या हसल्या आणि त्यांनीही तिचं नाव सोडून पुढचं घेतलं. दुर्गा उभी राहिली. काही बोलली नाही. दप्तर घेतलं आणि वर्गाबाहेर गेली. मग कोणी म्हणालं घरी गेली. शाळेनं नाव कमी केलं."

"आणि तुम्ही कधी विचारलं नाही?"

"नाही. संघ काढला तेव्हा जुन्या हजेरीपटावरून नावं मीच टाईप केली. तिचं नाव होतं त्यात, लाल रेघेखाली. मी ते यादीत घेतलं नाही." बाईंनी पौर्णिमाकडे पाहिलं. "तुला हे नाव कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही, बाई. असंच सुचलं."

बाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना अपेक्षितच होतं असं दिसलं.

तेल्हाऱ्याला जायचं बाईंनीच काढलं. पौर्णिमाला तिथून सरळ अमरावतीला परतावं, हे काम सोडून द्यावं असं वाटत होतं. पण त्या ताठ बाईला त्या खोलीत त्या फोटोसोबत एकटं टाकून जाणं तिच्याच्यानं होईना. दुसऱ्या दिवशी दोघी भाड्याच्या गाडीनं अकोटमार्गे निघाल्या.

तेल्हाऱ्यात खुशालराव भोपळ्यांचं घर विचारलं तर पानठेल्यावरच्या माणसानं सांगितलं, "खुशालराव तं कवाचेच गेले. पोरगा हाय ना, जानराव. तिकडं वळा, दारात कापूस दिसन."

दारात खरंच कापूस होता. पुढची खोली छताच्या वाशांपर्यंत कापसानं भरलेली, आणि बाहेर बाजेवर बसलेला छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा माणूस. त्यानं बायकोला, गोदाबाईला, हाक मारून पाणी आणायला सांगितलं, दोघींना बाजेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसला.

"बोला," जानराव म्हणाला. "सर्व्हेवाल्या हाय का तुमी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी अकोल्याहून आले. तुमच्या बहिणीच्या वर्गात होते मी."

जानरावच्या हातातला तांब्या तसाच राहिला. गोदाबाई दारात थांबली.

"दुर्गीच्या?"

"हो."

"शेचाळीस वर्षं झाले बाई. आजवर तिच्या शाळेतलं कोणी आलं नाही."

पौर्णिमाने मोबाईलवर फोटो उघडून त्याच्या पुढं धरला. जानरावनं चश्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हे कोठून आणलं?"

"तुमची आई आहे का ही?" पौर्णिमाने विचारलं. गाडीत येताना तिनं स्वतःची अशी समजूत घातली होती, की कुठून तरी या घरातला जुना फोटो आला असेल.

"माय चाळीसाची गेली. तिचे केस पिकलेच नाही." त्यानं बोट भुवईवर ठेवलं. "हे मी मारलं होतं. विळा फेकून. मी सहा वर्षांचा होतो. हे दुर्गी हाय." मग तो हळू म्हणाला, "म्हातारी झाली."

गोदाबाई पुढं येऊन पाहून गेली. तिनं नणंदेला कधी पाहिलंच नव्हतं.

"भाऊ, त्या घरी आल्या नव्हत्या?" पौर्णिमाने विचारलं.

"शाळेतून कागद आला, पोरगी घरी गेली म्हणून. ती तं आली नाही. बाबा अकोल्याले गेले, मूर्तिजापूरले गेले, ठेसनावर फोटो दाखवत फिरले. कंडक्टर म्हणे, एक पोरगी अकोटले उतरली होती. मग पुढं काहीच नाही. ना जिती, ना मेली. माय तिचं ताट वाढत जाये. मी खात जावो ते, मागून."

तेव्हा बाईंनी सांगितलं. भिंतीकडे न पाहता, जानरावकडे पाहून. सिनेमा, खेळ, ताट, हजेरी, आणि आपण मॉनिटर होतो हेही. एकही गोष्ट त्यांनी मऊ केली नाही. पौर्णिमा मान खाली घालून ऐकत होती. सांगून झालं तेव्हा कापसाच्या खोलीत एक मांजर फिरत होतं तेवढाच आवाज होता.

जानरावनं चश्मा काढून पुसला. "काहून सांगून राहिल्या आता?"

"तिनं नाव लावलं म्हणून."

"नाहीतर सांगतलं नसतं."

"नसतं," बाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, पण शिवी दिली नाही, उठायलाही सांगितलं नाही. पौर्णिमाला म्हणाला, "तिथं लिहिता येते म्हणता ना? माह्या नावानं लिहा. दुर्गे, घरी ये. जानराव हाय अजून. घर तेच हाय."

पौर्णिमाने त्या पानाखाली जसंच्या तसं लिहिलं.

तीन दिवस काही झालं नाही. पौर्णिमा अमरावतीला परतली, दुसऱ्या कामाला लागली, पण दर तासाला ते पान उघडून पाहायची. फोटो तिथंच होता. एकदा तिला वाटलं, भिंतीचा रंग पहिल्यासारखा नाही, निळसरच्या जागी मातकट पिवळा दिसतो. जानरावच्या घराला पिवळा रंग होता. ती खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली भरदुपारी भाजीची गाडी चालली होती आणि दोन बायका मेथीवरून हुज्जत घालत होत्या. तो आवाज येत होता तोवर ती तिथून हलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वेबसाइटवरून एक अर्ज आला. सभासदाला नाव कमी करायचं असेल तर भरायचा साधा अर्ज, तिनंच बनवलेला. नाव, दुर्गा खुशालराव भोपळे. 'कारण' या रकान्यात एक ओळ.

"माहं नाव काढून टाका. माहं काम झालं."

पौर्णिमाने बाईंना फोन केला. बाई लगेच म्हणाल्या, "नको. आता नको काढूस. पुन्हा आपल्याच हातानं?"

मग तिनं जानरावला फोन केला आणि अर्ज वाचून दाखवला. त्यानं ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"काढून टाका," तो म्हणाला.

"भाऊ, बाई म्हणतात नको."

"त्यायले काय विचारता? तवा तिले कोणी विचारलं होतं काय? आता ती सोता म्हणून राहिली. तिचं नाव हाय, ठेवन नाहीतर काढन." तो थांबला. "आन एक सांगू काय? परवापासून आमच्या घरात कोणीतरी बोलून राहिलं."

"म्हणजे?"

"मधल्या खोलीत. दिवसा. बाईमाणसाचा आवाज. शब्द समजत नाही, पण थांबतच नाही, बोलतच राह्यते. गोदा पह्यले भेली, म्हणे शेजारचा टीव्ही हाय. शेजारी तं कुलूप हाय. मले भेव नाही वाटत. शेवटच्या दिवाळीले दुर्गी घरी आली होती तवा अशीच बोलत होती, जेवता जेवता, झोपेतबी. माय म्हणे, या पोरीले झालं काय. आमाले काय माहीत, तिकडं तिच्याशी कोणीच बोलत नाही म्हणून."

फोनमध्ये, जानरावच्या मागे, तिला काहीतरी ऐकू आलं. भांड्यांचा आवाज असेल, किंवा गोदाबाई. तिनं विचारलं नाही.

फोन ठेवून तिनं नोंद उघडली आणि 'काढून टाका' दाबलं. फोटो गेला, जन्मतारीख गेली, मैत्रिणींनी लिहिलेल्या ओळी गेल्या. यादीत एक्केचाळीस नावं. ती संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिली. नोंद परत आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही.

बाईंनी संघाचं चिटणीसपद सोडलं. १९८१ च्या सगळ्या जणींना त्यांनी हातानं पत्रं लिहिली. काहींनी उत्तरं पाठवली, बऱ्याच जणींनी नाही. आणि त्या दर महिन्याला तेल्हाऱ्याला जायला लागल्या. जानराव बोलावत नसे, हाकलतही नसे. त्या बाजेवर बसत, गोदाबाई चहा देई, आणि दोन तासांनी त्या परतत.

मार्चमध्ये एकदा त्यांनी पौर्णिमाला सोबत नेलं. ऊन तापलं होतं, कापूस विकला गेला होता, पुढची खोली रिकामी होती. पौर्णिमा गाडीतून आधी उतरली. बाई मागं पिशवी घेत होत्या. दारापाशी पोचताना पौर्णिमाने स्पष्ट ऐकलं. आतून बाईमाणसाचा आवाज, भरभर, मध्येच हसणारा, श्वास घ्यायलाही न थांबणारा. मग बाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

आत कोणी बोलत नव्हतं.

बाई बाजेवर बसल्या. मांडीवर हात ठेवून त्यांनी मधल्या खोलीकडे कान दिला, आणि बऱ्याच वेळानं गोदाबाईला म्हणाल्या, "आजही मला काही ऐकू आलं नाही. जानराव म्हणतात दिवसभर बोलते."

गोदाबाईनं कप त्यांच्या हातात दिला. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "बोलते ना. तुमी आल्या का चूप होते."

बाईंनी चहा पिऊन संपवला. कप खाली ठेवला. पौर्णिमाला वाटलं आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत, तशाच बसून राहिल्या.